वॉर्डातले नेतृत्व परिचारिका कशावरून ओळखतात?

छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय असो, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय असो वा एखाद्या तालुक्याचे उपजिल्हा रुग्णालय, अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), तिच्यावर परिसेविका (वॉर्डची इन्चार्ज सिस्टर) आणि सर्वांत वर अधिसेविका (मेट्रन) ही कागदावरची उतरंड ठरलेली असते. वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरला मात्र नेतृत्वाचा अनुभव येतो तो काही बिघडले म्हणजे.

दुपारी दोनच्या ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवण्याच्या, वेळी एखादी नवी सिस्टर सांगते, की सात नंबरच्या खाटेवरील रुग्णाच्या दहाच्या इंजेक्शनपुढे चार्टवर सही आहे, पण ते प्रत्यक्ष दिले गेले याची तिला खात्री नाही. इन्चार्ज सिस्टरने सर्वांसमोर ‘लक्ष कुठं असतं तुझं?’ असे सुनावले, तर पुढची शंका तिच्या तोंडाबाहेर पडणार नाही. पण इन्चार्जने आधी रुग्णाची नाडी आणि रक्तदाब पाहिला, डॉक्टरांना कळवले आणि मग सही आधीच कशी झाली हे शांतपणे विचारले, तर तीच मुलगी पुढच्या वेळी अधिक लवकर बोलेल.

एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेला याचा पुरावा अनपेक्षितपणे मिळाला. दोन रुग्णालयांतील आठ परिचर्या विभागांमध्ये औषध देताना होणाऱ्या चुकांचा तिने अभ्यास केला आणि तो 1996 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या विभागांत नेतृत्व चांगले, तिथे चुका कमी आढळतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे निघाले. चुकांचे प्रमाण आधी माहीत नसलेल्या एका सहायकाने त्या विभागांचे स्वतंत्र निरीक्षण केले, तेव्हा उलगडा झाला: चांगल्या विभागांत चुका जास्त होत नव्हत्या, तर त्या न घाबरता सांगितल्या जात होत्या. इतरत्र त्या झाकल्या जात असाव्यात, असा अर्थ तिने लावला. 1999 मध्ये अशा वातावरणाविषयी, म्हणजेच मानसिक सुरक्षिततेविषयी, तिने सविस्तर मांडणी केली.

हा केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. पोटॅशियम क्लोराइडची लहान ॲम्प्यूल (औषधाची बंद कुपी) डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्यूलसारखी दिसू शकते, आणि ते औषध पातळ न करता थेट शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. दोन्ही ॲम्प्यूल एकाच ट्रेमध्ये ठेवल्या जात आहेत, हे सर्वांत आधी दिसते ते ट्रे लावणाऱ्या सिस्टरला. तिने ते सांगितले नाही, तर वरच्या कुणालाही कळण्याचा मार्ग उरत नाही.

तरीही चांगल्या परिसेविकेने सगळे निभावून न्यावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. संशोधिका लिंडा एकन आणि सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या 168 रुग्णालयांच्या 2002 मधील अभ्यासात, प्रत्येक परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली दिसली. खाटा भरून जमिनीवरही गाद्या टाकलेल्या वॉर्डात, रजिस्टरे, औषधसाठा आणि ड्युटी लिस्ट यांतच पाळी संपणाऱ्या परिसेविकेकडे नव्या मुलीची शंका ऐकायला वेळ कुठून येणार? रिक्त पदे तशीच ठेवून तिला फक्त नेतृत्वाच्या प्रशिक्षणाला पाठवणे, ही त्या प्रश्नाला दिलेली बगल आहे. आधी पदे भरावीत आणि तिच्या हातातली कारकुनी काढून घ्यावी.