ठरावाचा कागद आणि तळ्याचे पाणी : लहान शहरांच्या कारभाराची पार्श्वभूमी

डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि बहुतेक ठिकाणी जवळपास चार वर्षे रिकाम्या असलेल्या सभागृहांत पुन्हा नगरसेवक आले. नगराध्यक्ष कोण झाला याची चर्चा भरपूर झाली. पाणीपुरवठा समितीचा सभापती कोण, आरोग्य समितीत कोण बसणार, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. वास्तविक आपल्याकडील शहरांचा कारभार सुरू झाला तो समितीच्या रूपानेच. नगरपालिका हे त्या समितीचे पुढचे, कायद्याने भरभक्कम केलेले रूप आहे. समितीने ठराव करायचा आणि तो अमलात आणण्याची किल्ली दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असायची, ही जुनी रचनाही तेव्हापासूनची आहे.

ही सुरुवात १८५० च्या २६ व्या कायद्याने झाली. एखाद्या गावातील रहिवाशांनी मागणी केली तर सरकारने तेथे कमिटी नेमावी आणि त्या कमिटीने रस्ते, दिवाबत्ती, सफाई पाहावी, असे त्याचे स्वरूप होते. आधीच्या १८४२ च्या कायद्यात थेट करावर भिस्त होती व तो फसला. नव्या कायद्याने अप्रत्यक्ष कराची वाट मोकळी केली आणि मुंबई इलाख्याने ती इतर इलाख्यांपेक्षा अधिक उत्साहाने धरली. सातारा, वाई, पंढरपूर येथे १८५० च्या दशकातच नगरपालिका आल्या. घरावर पट्टी बसवली तर गाव ओरडेल, परंतु वेशीवर येणाऱ्या मालावर जकात घेतली तर ती किमतीत मुरून जाईल, हे व्यापारी पेठांच्या पुढाऱ्यांना लगेच उमगले. लहान शहरांच्या तिजोरीला जकातीची जी सवय लागली, ती पुढे दीडशे वर्षे सुटली नाही.

कमिटीत बसणारे लोक मात्र नेमलेले असत आणि अध्यक्षस्थानी बहुधा सरकारी अधिकारी असे. पुणे नगरपालिकेवर १८७६ पासून जोतीराव फुले सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीसाठी एक हजार रुपये खर्चाचा प्रस्ताव आला, तेव्हा बत्तीस सदस्यांत एकट्या फुल्यांनी विरोधी मत दिले आणि ही रक्कम गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी अशी भूमिका घेतली. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. तरी सभागृहातील एकाकी विरोधी मत नोंदले जाते, इतिवृत्तात राहते, ही समिती-पद्धतीची जमेची बाजू या प्रसंगातून दिसते. लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावाने बिनसरकारी सदस्यांचे प्राबल्य आणि निवडणूक ही तत्त्वे मांडली. मुंबई इलाख्यात १८८४ च्या कायद्याने त्यांना जागा मिळाली. मतदार कोण, तर कर भरणारे आणि शिकलेले. बाकीच्या गावाने त्या कारभाराचे फक्त परिणाम भोगायचे.

ठराव आणि अंमल यांतील अंतराचे सर्वांत बोलके उदाहरण महाडचे आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. कागदावर विषय संपला होता. प्रत्यक्षात तळ्याभोवती सवर्णांची घरे होती आणि कोणी दलित माणूस पाण्याला हात लावायला धजत नव्हता. नगरपालिकेनेही आपला ठराव पाळला जातो की नाही हे पाहण्यासाठी काही हालचाल केली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्यायले, ते तीन वर्षे दप्तरात पडून असलेल्या या ठरावाच्या आधारावर. परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्याच दिवशी चार वर्षे पूर्ण होत होती, हा योगायोग मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे.

डिसेंबरमध्ये दुसरा सत्याग्रह ठरला, तेव्हा सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. सनातन वहिवाटीने तळे आमचेच, असा त्यांचा दावा होता. वादी खालच्या न्यायालयांत हरले, अपिलात गेले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयातही हरले. तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते आणि पुरातन वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही. पाण्याच्या हक्काचा निकाल लागण्यास दहा वर्षे लागली. या काळात नगरपालिकेचा ठराव एकदा झाला होता आणि एकदा रद्द झाला होता, एवढीच तिच्या दप्तरातील नोंद.

राज्यस्थापनेनंतर विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्र येथील वेगवेगळे कायदे मोडीत काढून १९६५ चा नगरपरिषद अधिनियम आला व तो १९६७ पासून लागू झाला. आजचा दैनंदिन कारभार त्यावरच चालतो, म्हणून त्याचे सभेतील रूप जरा जवळून पाहू. विषयपत्रिका सदस्यांच्या घरी पोहोचते. सभेत पहिला विषय ठरलेला : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मग गटार, दिव्यांचे खांब, भाजी मंडईचे गाळे, एखाद्या गल्लीचे नामकरण. प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे येतात आणि शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’. खरी गंमत ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’ या ओळीत असते. कसलेले नगरसेवक विषयपत्रिका उघडताच आधी तिचा शेवट पाहतात. मंजूर ठरावाची अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्य शासनाच्या नोकराकडे जाते आणि कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाला स्थगिती देऊ शकतात. विरोधकांच्या तोंडी ‘तीनशे आठ टाकतो’ ही धमकी असते ती यामुळेच. सार्वजनिक बांधकाम, शिक्षण, स्वच्छता व आरोग्य, पाणीपुरवठा, नियोजन, महिला व बालकल्याण अशा विषय समित्यांची तरतूद कायद्यात आहे. परंतु कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी हे ज्याच्या हाती असते, तो वॉलमन कोणत्याही समितीचा सदस्य नसतो आणि लोक मात्र आधी त्यालाच फोन करतात.

पैशाची बाजू थोडक्यात सांगता येते. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली, नाके ओस पडले आणि त्या बदल्यात शासनाचे अनुदान सुरू झाले. पगाराचा दिवस तेव्हापासून अनुदानाच्या तारखेवर अवलंबून राहू लागला. घरपट्टीची फेरआकारणी दर चार वर्षांनी व्हावी असे कायदा सांगतो. ती निवडणुकीच्या तोंडावर कोणालाही नको असते.

याच गावांत दुसऱ्या, बिनसरकारी समित्यांची परंपराही तितकीच जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे आणि नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, म्हणजे दोन्ही १८५० च्या कायद्याच्या आधीची. वर्गणी, पावतीपुस्तक, वार्षिक सभा, जमाखर्चाचे वाचन, कार्यवाह आणि खजिनदार हा सगळा शिरस्ता गावाने नगरपालिकेकडून घेतला असे समजण्याचे कारण नाही. पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने या मंडळींना धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत आणले. आज गणेशोत्सव मंडळाला वर्गणीसाठी त्या कार्यालयाची, मांडवासाठी नगरपरिषदेची आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलिसांची परवानगी लागते. तिन्ही टेबले फिरणारा, दुकान बंद ठेवून दुपार घालवणारा तो एक कार्यकर्ता प्रत्येक मंडळात असतो. पुष्कळ नगरसेवकांची उमेदवारीही अशाच पावतीपुस्तकातून सुरू झालेली असते.

१ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत, राज्य निवडणूक आयोग, महिलांना किमान एक तृतीयांश जागा आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक, ही चौकट दिली. महाराष्ट्राने महिलांचा वाटा २०११ मध्ये निम्म्यावर नेला. नगराध्यक्षाच्या निवडीचे मात्र कोणालाच ठरवता आले नाही : २०१६ मध्ये थेट जनतेतून, २०२० मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ मध्ये परत थेट. ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर घटनेतील पाच वर्षांची मुदतही कागदावरच राहिली. न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले, पण डिसेंबरमध्ये त्या होईपर्यंत शासनाने नेमलेले प्रशासकच कारभार पाहत होते आणि अनेक गावांत मुख्याधिकारीच प्रशासक होते. सभागृहाच्या वतीने ठराव करणारा आणि तो अमलात आणणारा माणूस एकच झाला. त्या काळातील ठरावांना ‘प्रशासकीय ठराव’ म्हणतात. त्यांवर क्रमांक असतो, तारीख असते, सही असते. सूचक आणि अनुमोदक यांच्या नावांना तेथे जागाच नसते.