अक्षरओळखीच्या आधीचं वाचन

आई मांडीवरच्या तीन वर्षांच्या मुलाला गोष्ट वाचून दाखवते, तेव्हा मुलाची नजर कुठे असते? डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या उपकरणांनी हे तपासलेलं आहे. नजर जवळपास सगळा वेळ चित्रावर असते, अक्षरांकडे क्वचितच वळते. म्हणजे नुसतं वाचून दाखवल्याने अक्षरं येत नाहीत. पण येतं ते त्याहून कमी मोलाचं नाही.

गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं साधं सूत्र मांडलं: अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. धडा खडाखडा वाचणारं पण ‘काय वाचलंस?’ म्हटल्यावर गप्प होणारं मूल दुसऱ्या बाजूला अडलेलं असतं, आणि ती बाजू शाळेच्या कितीतरी आधी, ऐकण्या-बोलण्यातून भरते.

कशी भरते, हे व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दाखवलं. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी महिनाभर वाचण्याची रीत बदलायला लावली. तितकंच पण नेहमीच्या पद्धतीने ऐकणाऱ्या मुलांपेक्षा ही मुलं बोलण्यात पुढे गेली. रीत अशी: चित्रात मांजर पावसात उभं आहे. ‘हे मांजर आहे ना?’ असं विचारलं तर ‘हो’ एवढंच मिळतं. त्याऐवजी ‘मांजराला काय झालं?’ विचारावं आणि मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबावं. हे थांबणंच मोठ्यांना सर्वात जड जातं. मूल म्हणतं, ‘भिजलं.’ आपण म्हणावं, ‘हो, मांजर पावसात भिजून गारठलं.’ मुलाच्याच शब्दाला दोन शब्द जोडायचे आणि पान उलटायचं. एका पानावर एखादाच प्रश्न. जास्त झाले की गोष्टीची परीक्षा होते आणि मूल मांडीवरून उतरतं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितलं तरी वाचावं, कारण नवे शब्द पुनरावृत्तीनेच पक्के होतात. घरी ‘आभाळ’ म्हणणाऱ्या मुलाला पुस्तकातलं ‘आकाश’ जरूर द्यावं, पण ‘आभाळ’ खोडू नये.

अक्षरांची वेळ आली की देवनागरीच्या खाचाखोचा पुढे येतात. ‘कि’मध्ये वेलांटी क-च्या आधी दिसते, पण उच्चार नंतर होतो, म्हणून ‘कि’ हे एकसंध चित्र म्हणूनच दाखवावं. ‘सूर्य’मधला रफार य-च्या डोक्यावर असतो, पण य-च्या आधी उच्चारला जातो. ‘खाऊ’ हे ‘रवाऊ’ वाचलं जातं. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला मुख्य फरक शिरोरेघेच्या खंडात आहे, म्हणून या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नयेत. अख्खी बाराखडी संपेपर्यंत अर्थासाठी थांबायचीही गरज नाही. क, म, ल आणि काना एवढ्या भांडवलावर ‘काका, मला मका!’ वाचता येतं, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाला आपण खरोखर काहीतरी वाचलं याचा जो आनंद होतो तो ‘क, का, कि, की’ घोकून होत नाही.

बक्षिसाचं आमिष मात्र टाळावं. लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ च्या प्रयोगात, प्रशस्तिपत्रक मिळेल असं सांगून चित्रं काढायला लावलेली मुलं पुढे मोकळ्या वेळात कमी चित्रं काढू लागली. आधी तीच मुलं आवडीने काढत होती. पुस्तकाच्या बाबतीत ही जोखीम कशाला घ्यायची?

वाचताना ओळीखालून बोट फिरवावं, म्हणजे नजर अक्षरांवर येते. काही आठवड्यांनी मूल पाठ झालेली गोष्ट स्वतः बोट फिरवत ‘वाचू’ लागतं. ‘हे तर पाठ आहे’ म्हणून त्याला थांबवू नये. एक दिवस ओळ संपते पण बोलायचे शब्द उरतात, आणि मूल गोंधळून बोटाकडे पाहतं. बोललेला प्रत्येक शब्द कागदावर आपापल्या जागी असतो, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा खटकतं. अशा वेळी त्याचं बोट हातात घेऊन ओळीच्या सुरुवातीला न्यावं आणि तीच ओळ एकेका शब्दाखाली थांबत, सावकाश वाचावी.