मोबाईलला आधी कान समजा

बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत पोरांना पक्षी दाखवायला नेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "सर, ह्याचं नाव काय?" हल्ली तो सरांनाही कुणी विचारत नाही. मोबाईल वर धरला की 'मर्लिन' हे अ‍ॅप आवाज ऐकून नाव सांगून टाकतं. नाव कळलं की पोरं पुढच्या झाडाकडं निघतात, आणि पक्षी बघायचा राहूनच जातो. माझ्या मते नाव सगळ्यात शेवटी यावं. मोबाईलचा खरा उपयोग त्याच्या आधी आहे.

मर्लिन आवाजाचं चित्र काढतं. डावीकडून उजवीकडं वेळ सरकते, खालून वर आवाजाची पट्टी चढते, आणि आवाज जितका मोठा तितकी खूण ठळक. या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. अ‍ॅप अशा हजारो चित्रांवरून शिकलेलं असतं, त्याच्या जोरावर ते नाव सुचवतं. मग हे चित्र पोरांनीच का वाचू नये? तांबटाची टुकटुक म्हणजे एकाच उंचीवर सारख्या अंतरानं मांडलेले ठिपके. कोकिळाची प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा वर चढलेली दिसते. वारंवारता म्हणजे काय, हे सांगायला मग फळा लागत नाही.

जांबोटी-कणकुंबीकडं जाणार असाल तर अ‍ॅपमधली पक्ष्यांची यादी घरूनच मोबाईलवर उतरवून घ्या, तिकडं रेंजचा भरवसा नसतो. त्या जंगलात भृंगराज भेटतो आणि अ‍ॅपची परीक्षा घेतो. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजांची बेमालूम नक्कल करतो. पडद्यावर शिक्र्याचं नाव उमटावं आणि फांदीवर शेपटीच्या दोन लांब तारा हलवत भृंगराज बसलेला असावा, असं होऊ शकतं. अ‍ॅपचं उत्तर हा अंदाज असतो, हे पोरांना त्याच्याइतकं चांगलं कुणी पटवून देणार नाही.

पण पक्ष्यांपेक्षा मला रातकिडा जास्त आवडतो. त्याच्यासाठी जंगल लागत नाही, शहापुरातलं परसदार किंवा येळ्ळूरच्या शिवाराचा बांध पुरतो. किरकिर करतो तो फक्त नर. त्याच्या एका पंखावरच्या शिरेला बारीक दाते असतात, त्यांवरून दुसऱ्या पंखाची कड घासली जाते. कंगव्यावरून नख फिरवावं तसं. कीटकाच्या अंगाचं तापमान भोवतालच्या हवेबरोबर उतरतं-चढतं. गारठ्यात स्नायूंमधल्या रासायनिक क्रिया मंदावतात, पंख सावकाश चालतात आणि किरकिर विरळ होते. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ एमस डॉल्बेअर यांनी 1897 मध्ये याचं सूत्रच मांडलं. त्याचं सेल्सिअसमधलं सोपं रूप असं: 8 सेकंदांतली किरकिर मोजा, त्यात 5 मिळवा, की हवेचं तापमान आलं.

हे सूत्र तिकडच्या रातकिड्याचं. आपल्या बांधावरची जात वेगळी, म्हणून तिचं सूत्रही आपणच काढायचं, आणि खरी मजा त्यातच आहे. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत बेळगावच्या रात्री चांगल्या गार होत जातात, त्यामुळं तापमानाचा फरक आयता मिळतो. अखंड भिर्र करणारा किडा घेऊ नये, तुटक किरकिरणारा निवडावा. रोज रात्री त्याचं मोबाईलवर मिनिटभर रेकॉर्डिंग करायचं. थर्मामीटर घरात नको, त्याच झुडपाजवळ, किड्याच्या उंचीवर टांगायचा. कानाला मोजता येत नाही तिथं रेकॉर्डिंगच्या आलेखातले उंचवटे मोजता येतात. मग आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर किरकिर. ठिपके एका रेषेच्या आसपास आले तर पोरांचं सूत्र तयार. विखुरले तर शोध सुरू करायचा: दोन जाती मिसळल्या का? थर्मामीटर दिवसभर तापलेल्या भिंतीला लागून होता का? अ‍ॅपवर याचं तयार उत्तर नाही, म्हणूनच हा प्रयोग मला मोलाचा वाटतो.

वटवाघळांपाशी मात्र मोबाईल बहिरा. तो आवाजाचे सेकंदाला साधारण 44,100 किंवा 48,000 नमुने घेतो, आणि एक लाट पकडायला निदान दोन नमुने लागतात. म्हणजे 22-24 किलोहर्ट्झच्या, सेकंदाला 22-24 हजार लाटांच्या, वरचं त्याला काहीच कळत नाही. लहान वटवाघळांच्या बहुतेक हाका त्याहून वरच्या असतात. तिथं 'ऑडिओमॉथ'सारखं तळहातावर मावणारं यंत्र लागतं. ते सेकंदाला 3,84,000 नमुन्यांपर्यंत जातं. ते रेकॉर्डिंग दहापट सावकाश वाजवलं की पोरांना हाका ऐकू येतात.

खानापूर तालुक्याला या बाबतीत एक खास मान आहे. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळांवरूनच रॉटनच्या वटवाघळाचं पहिलं शास्त्रीय वर्णन 1913 मध्ये झालं. त्याच्या हाका इतर वटवाघळांच्या मानानं खालच्या पट्टीतल्या, 15 किलोहर्ट्झच्या आसपासच्या, म्हणजे माणसाच्या कानाच्या आवाक्यातल्या. फक्त वयाबरोबर आपले वरचे स्वर हरवत जातात. सरांना काही ऐकू येणार नाही आणि सहावीतली मुलगी "ते बघा" म्हणेल, अशी ही पट्टी आहे.

तरी पोरांना गुहेकडं नेऊ नये. वनखात्याची परवानगी लागते हे एक, आणि माणसांच्या वर्दळीनं वटवाघळं ठिकाण सोडतात हे दुसरं. खानापूर गावातच रस्त्याच्या दिव्याभोवती किडे टिपणारी लहान वटवाघळं संध्याकाळी दिसतात. यंत्र तिथं लावावं, आणि त्या दिव्याखाली रात्री कुठल्या वेळी हाका सगळ्यात जास्त येतात, हा प्रश्न पोरांच्या वहीत लिहून द्यावा.