बर्फाखालचा कार्बन डायऑक्साइड

खेळ आणि पर्यावरण म्हटलं की अनेकांना टोकियो ऑलिंपिकची पदकं आठवतात. जुने मोबाइल आणि इतर छोटी उपकरणं असं सुमारे 79 हजार टन भंगार गोळा करून त्यातल्या धातूंपासून जवळपास 5000 पदकं घडवली गेली. उपक्रम छानच होता. पण क्रीडासंस्थांच्या एकूण पसाऱ्यात पदक ही चिमूटभर वस्तू. खरा भार पडतो तो बांधकामाचा, प्रवासाचा आणि यंत्रघरात रात्रंदिवस धडधडणाऱ्या यंत्रांचा. त्या यंत्रघरात फारसं कुणी डोकावत नाही, आणि मला सर्वांत जास्त कुतूहल त्याचंच आहे.

2022 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय स्पीड स्केटिंग ओव्हलमधला सुमारे 12 हजार चौरस मीटर बर्फ कार्बन डायऑक्साइडने गोठवला होता. हो, ज्याच्या नावाने आपण रोज बोटं मोडतो, तोच वायू! कॅनडातल्या क्युबेकमध्ये असे बर्फाचे आखाडे 2010 च्या सुमारासच सुरू झाले होते.

हा वायू का निवडला? बर्फाच्या आखाड्यांत आर-507 सारखे कृत्रिम शीतक वायू वापरले जात. त्यातला एक किलो गळला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो जवळपास चार टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ घडवतो. आणि एवढ्या लांबीच्या नळ्यांत थोडी गळती होतेच. अमोनिया तापमानवाढ करत नाही, पण विषारी आहे. 2017 मध्ये कॅनडातल्या फर्नी गावच्या आखाड्यात अमोनिया गळून तिघांचा जीव गेला. कार्बन डायऑक्साइडचं तसं नाही. तो पेटत नाही, अमोनियाइतका घातकही नाही, आणि एक किलो गळला तर एक किलोच. शिवाय तो बहुधा कारखान्यांतून बाहेर पडणाराच वायू असतो, मुद्दाम तयार केलेला नसतो.

आता यंत्राकडे वळू. द्रव उकळताना अप्रकट उष्मा शोषतो, हे शाळेत शिकलेलं आठवा. बर्फाखालच्या नळ्यांत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड वातावरणाच्या सुमारे 25 पट दाबाखाली ठेवतात. त्या दाबाला तो उणे 12 अंशांच्या आसपास उकळतो आणि वरच्या बर्फातली उष्णता ओढून घेतो. उकळणाऱ्या पदार्थाचं तापमान बदलत नाही. नळ्यांतून मिठाचं थंड पाणी फिरवलं, तर ते पुढे जाता जाता तापत जातं आणि बर्फ एका टोकाला कडक, दुसऱ्या टोकाला मऊ होतो. इथे पृष्ठभाग सगळीकडे सारखा राहतो. सेकंदाच्या शतांशावर निकाल ठरणाऱ्या खेळाला हे फार मोलाचं.

खरी गंमत पुढे आहे. बर्फातून ओढलेली उष्णता कुठेतरी टाकायला हवी. नेहमीच्या यंत्रात वायू दाबला, की बाहेरच्या जाळीत त्याचा पुन्हा द्रव होतो आणि बरीचशी उष्णता एकाच तापमानाला, समजा 35 अंशांना, बाहेर पडते. त्यावर पाणी जेमतेम कोमट होतं. कार्बन डायऑक्साइडचं क्रांतिक तापमान मात्र 31 अंश आहे. त्यापेक्षा गरम असताना कितीही दाबा, त्याचा द्रव होत नाही. बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 मध्ये क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्यापुढे द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही ती तापमान-दाबाची सीमा, समजावून सांगितला, तो याच वायूवरच्या प्रयोगांतून.

म्हणजे वातावरणाच्या 90-100 पट दाबाखाली शंभराहून अधिक अंशांपर्यंत तापलेला हा वायू एका तापमानाला थांबत नाही. वरून खाली घसरगुंडीसारखा निवत जातो. शेजारच्या नळीतून उलट्या दिशेने पाणी सोडलं, तर ते पायरीपायरीने 60-70 अंशांपर्यंत तापतं. दाब नेमका किती ठेवायचा, हा नाजूक प्रश्न. क्रांतिक बिंदूजवळ दाबातल्या लहानशा बदलाने घनता आणि उष्माधारकता झपाट्याने बदलते. त्यामुळे दाब थोडा वाढवला, की बर्फाखालच्या नळ्यांत जाण्याआधी दाब उतरवणाऱ्या झडपेपाशी पोचणारा वायू त्याच तापमानाला बरीच कमी ऊर्जा घेऊन जातो आणि नळ्यांतलं शीतन वाढतं. फार वाढवला, तर कॉम्प्रेसरच जास्त वीज खातो. हा दाब नियंत्रित करण्याची पद्धत नॉर्वेचे गुस्ताव लोरेन्त्सेन यांनी 1980 च्या दशकाच्या अखेरीस मांडली आणि अडगळीत पडलेला हा जुना शीतक पुन्हा कामाला लागला.

बाहेर उकाडा असेल तर ही यंत्रणा जास्त वीज घेते, हेही सांगायला हवं. आणि एका आखाड्याने अख्खी स्पर्धा हरित होत नाही: त्याच ऑलिंपिकच्या स्कीइंगच्या उतारांवर जवळपास सगळा बर्फ कृत्रिम होता. 2022 च्या कतार फुटबॉल विश्वचषकाला फिफाने ‘कार्बन न्यूट्रल’ म्हटलं, म्हणजे जेवढं उत्सर्जन तेवढी भरपाई, तीही इतरत्र वाचवलेल्या कार्बनची प्रमाणपत्रं विकत घेऊन. फिफाच्याच अंदाजाने उत्सर्जन होतं 36 लाख टन, निम्म्याहून अधिक प्रवासाचं. जून 2023 मध्ये स्वित्झर्लंडच्या जाहिरात नियामक आयोगाने हा दावा सिद्ध होत नसल्याचा निर्णय दिला. विकत घेतलेलं प्रमाणपत्र हा ताईत झाला, आणि ताईत बांधून ताप उतरत नाही. मोजता येईल ते मोजा, कमी करता येईल ते कमी करा. उरलेलं उघडपणे सांगा.

बर्फातून ओढलेल्या उष्णतेचा उपयोग बीजिंगमध्ये गरम पाण्यासाठी झाला. खेळाच्या मध्यंतरात एक गाडी बर्फावर पाण्याचा पातळ थर पसरत फिरते, ती पाहिली असेल. ते पाणी गरम असतं. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, आणि ते वरचा खरवडलेला थर किंचित वितळवून त्याच्याशी घट्ट सांधतं. ते पाणी तापवायला लागणारी उष्णता त्याच बर्फातून मिळू शकते.