दोन वाक्यांच्या मधला माणूस

एखाद्या कार्यकर्त्याने आत्महत्या केल्याची बातमी येते आणि तासाभरात दोन वाक्यं सगळीकडे फिरू लागतात. ‘ही आत्महत्या नाही, हा खून आहे.’ आणि ‘त्याला आधीपासूनच नैराश्य होतं.’ पहिलं वाक्य साथीदारांच्या तोंडी असतं. दुसरं बहुतेकदा तो ज्यांच्याविरुद्ध लढत होता त्यांच्या, किंवा ज्यांना या भानगडीत पडायचं नाही त्यांच्या. रात्र होईपर्यंत कोण कुठलं वाक्य म्हणतो यावरून तो कुठल्या बाजूचा हे ओळखता येऊ लागतं. गेलेल्या माणसाबद्दल खरी चौकशी सुरू व्हायच्या आत तिचा निकाल लागलेला असतो.

११ जानेवारी २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये अ‍ॅरन स्वार्ट्झ हा अमेरिकी संगणकतज्ज्ञ आणि कार्यकर्ता गेला तेव्हा हेच झालं. वय २६. संशोधन सार्वजनिक पैशातून होतं, मग ते वाचायला पैसे का मोजावे लागतात, हा प्रश्न तो वर्षानुवर्षं विचारत होता. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या नेटवर्कवरून त्याने जेस्टोर या संग्रहातले लाखो शोधनिबंध उतरवून घेतले आणि त्याच्यावर फौजदारी खटला भरला गेला. ३५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, असं सरकारी वकिलांच्या कार्यालयाने २०११मध्ये पत्रक काढून जाहीर केलं होतं. पुढे आरोपांची संख्या तेरावर गेली. त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाने उघड सांगितलं की धाकदपटशा करणाऱ्या न्यायव्यवस्थेचा हा परिणाम आहे. दुसऱ्या बाजूने लोकांनी त्याचं २००७चं लिखाण उकरून काढलं. त्यात त्याने स्वतःच्या खोल उदासीबद्दल मोकळेपणाने लिहिलं होतं. मित्रांशी दुःख बोलून दाखवावं इतक्या साधेपणाने लिहिलेला तो मजकूर आता साक्षीपुरावा झाला.

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खटलाही खरा, उदासीही खरी. मग लोकांना त्यातली एकच का निवडावीशी वाटते?

आत्महत्येचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला तेव्हापासून हा पेच आहे. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७मध्ये आत्महत्येवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रत्येक मृत्यू खासगी दिसत असला तरी एखाद्या समाजातलं आत्महत्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं जवळपास स्थिर राहतं, हे त्याने आकडेवारीने दाखवलं. म्हणजे कारणांचा काही भाग माणसाच्या बाहेर असतो: त्याला धरून ठेवणारी नाती किती घट्ट आहेत, समाजाचे नियम त्याला आधार देतात की दाबून टाकतात. माणूस समूहाशी इतका एकरूप होतो की त्यासाठी जीवही देतो, अशा मृत्यूंना दुर्खीमने परार्थी आत्महत्या म्हटलं. कार्यकर्ता गेला की त्याला याच रकान्यात बसवण्याचा मोह होतो. मला तो मोह धोक्याचा वाटतो. चळवळीत असलेल्या माणसाचं प्रत्येक दुःख चळवळीचं नसतं, आणि चळवळीतला माणूस आतून एकटा पडलेला असू शकतो.

एकट्या माणसाच्या बाजूने या प्रश्नाकडे पाहिलं ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन श्नाइडमन यांनी. १९५८मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्या प्रतिबंधक केंद्र उभं करणाऱ्यांपैकी ते एक. मृत माणसाच्या शेवटच्या दिवसांबद्दल घरच्यांशी, मित्रांशी, डॉक्टरांशी बोलून त्याची मनःस्थिती जुळवून पाहायची, या पद्धतीला त्यांनी ‘मानसिक शवविच्छेदन’ हे नाव दिलं. त्यांच्या मांडणीच्या मध्यभागी आहे ती सहन न होणारी मनोवेदना. माणसाला मरण हवं असतं असं नाही, ती वेदना थांबायला हवी असते. आणि शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या मनात जगण्याची इच्छाही शिल्लक असते. आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या दर दहा माणसांपैकी साधारण नऊ जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत. ‘त्याने विचारपूर्वक, ठामपणे निर्णय घेतला’ हे वाक्य श्रद्धांजलीत हमखास येतं. या आकड्यासमोर ते टिकत नाही.

मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५मध्ये आणखी एक धागा जोडला: आपण कुणाचेच नाही आणि आपण सगळ्यांवर ओझं झालो आहोत, या दोन भावना एकत्र आल्या की धोका वाढतो. आता या दोन भावनांकडे नीट पाहा. खटला, निलंबन, बहिष्कार, पाळत, बदनामी या सगळ्यातून नेमक्या याच भावना तयार होतात. मित्र साक्षीला बोलावले जातात, घरच्यांची बचत वकिलावर खर्च होते, संस्था दारं बंद करते. ‘अन्याय की आजार’ असा प्रश्न विचारणाराने दोन्हीत एक भिंत आहे असं धरलेलं असतं. शास्त्राला ती भिंत सापडलेली नाही. नाजूक मनाच्या माणसावर दडपण आणणारा ‘तो नाजूकच होता’ असं म्हणून सुटू शकत नाही. आणि दडपणाकडे बोट दाखवताना त्याच्या आजाराचं नाव घ्यायला लाजणारे साथीदार त्याच आजाराशी आज झगडणाऱ्या दुसऱ्या साथीदाराला गप्प करत असतात.

तरीही लोक बाजू घेतात, कारण माणसाचं मन कारणं शोधताना समान मापं वापरत नाही. एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी १९६७मध्ये लोकांना क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लेखकाला बाजू नेमून दिली होती, त्याला निवड नव्हती, हे स्पष्ट सांगूनही वाचकांना वाटलं की लेखकाचं मत तसंच असणार. परिस्थिती डोळ्यांसमोर असूनही आपण स्वभावाकडे धावतो. फक्त आपल्या गटातल्या माणसाबाबत हे उलटं होतं: तिथे परिस्थिती ठळक दिसते आणि स्वभाव पुसट. १९५१मधल्या प्रिन्स्टन आणि डार्टमथ यांच्यातल्या एका धसमुसळ्या अमेरिकी फुटबॉल सामन्याचं चित्रण दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवलं, तेव्हा प्रिन्स्टनवाल्यांना डार्टमथच्या चुका डार्टमथवाल्यांपेक्षा दुपटीहून जास्त दिसल्या. फिल्म एकच होती. खेळाच्या बाबतीत असं होत असेल तर जिथे माणूस गेला आहे आणि कुणावर तरी दोष येणार आहे तिथे काय होत असेल?

त्यात समाजमाध्यमांची भर पडते. विल्यम ब्रॅडी आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये पाच लाखांहून जास्त ट्वीट तपासले. नैतिक संताप किंवा हळहळ व्यक्त करणारा एकेक शब्द वाढला की संदेश पुढे पाठवला जाण्याचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी वाढत होतं. पण तो पसरत होता तो मुख्यतः आपल्याच गटात. शोक करणाऱ्या माणसाला वाटतं आपण जगाला ओरडून सांगतो आहोत. तो आवाज बहुधा आधीच पटलेल्यांपर्यंतच पोचतो.

रोहित वेमुलाच्या बाबतीत हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. हैदराबाद विद्यापीठातला हा संशोधक विद्यार्थी, आंबेडकरवादी विद्यार्थी संघटनेचा कार्यकर्ता, वसतिगृहातून काढला गेला होता. १७ जानेवारी २०१६ला तो गेला. ‘संस्थात्मक हत्या’ हा शब्द त्या दिवसांत घराघरांत पोचला. पण काही दिवसांतच चर्चा वळली ती त्याची जात नेमकी कोणती याकडे, आणि पुढे कित्येक वर्षं दाखल्यांच्या त्या वादातच अडकून राहिली. एका विद्यार्थ्याला विद्यापीठात एकटं पाडलं गेलं का, या प्रश्नाचं उत्तर जातीच्या दाखल्यात कसं मिळेल, हे मला आजही कळलेलं नाही.

मृत माणसाचा अर्थ ताब्यात घेण्यासाठी सत्ता किती खाली उतरू शकते याचं सगळ्यात बोलकं उदाहरण प्राग शहरातलं आहे. सोव्हिएत फौजांनी १९६८च्या ऑगस्टमध्ये चेकोस्लोव्हाकियात घुसून सुधारणांचा गळा घोटला. लोक हळूहळू निमूट होऊ लागले होते. १६ जानेवारी १९६९ रोजी यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने वेन्सेस्लास चौकात स्वतःचा जीव पणाला लावला आणि तीन दिवसांनी तो गेला. कसा, ते मी इथे मुद्दाम लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. त्याच्या चिठ्ठीतल्या मागण्या अगदी नेमक्या होत्या: सेन्सॉरशिप उठवा आणि कब्जा करणाऱ्यांचं प्रचारपत्र बंद करा. अंत्ययात्रेला प्रागचे रस्ते भरून गेले.

मग सुरू झाली अर्थाची लढाई. विलेम नोवी या कम्युनिस्ट लोकप्रतिनिधीने जाहीर सभेत सांगितलं की पोराला फसवलं गेलं, यात काही धोका नाही असं त्याला भासवलं होतं. म्हणजे तो हुतात्मा नाही, वेडा नाही, नुसता भोळा. पालाखच्या आईने अब्रुनुकसानीचा दावा लावला. दगमार बुरेशोवा या वकिलीणबाईंनी तो लढवला आणि १९७०मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. एवढ्यावर भागलं नाही. त्याच्या थडग्यावर लोक फुलं ठेवत राहिले म्हणून १९७३मध्ये गुप्त पोलिसांनी ते उकरलं, देहाचं दहन केलं, अस्थी आईच्या गावी पाठवल्या आणि त्या जागी एका अनोळखी वृद्धेला पुरलं. वीस वर्षांनी, १९८९च्या जानेवारीत, त्याच चौकात लोक त्याच्या आठवणीसाठी जमले. पोलिसांनी आठवडाभर त्यांना मारहाण केली आणि राजवटीचे विरोधक नाटककार वात्स्लाव हावेल यांना पकडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ती राजवट कोसळली आणि हावेल राष्ट्राध्यक्ष झाले.

ही गोष्ट इथे थांबवली तर ती फार घातक होते. ‘बलिदान दिलं, वीस वर्षांनी का होईना फळ मिळालं’ असा हिशेब मनात तयार होतो. हा हिशेब चुकीचा आहे. पालाखनंतर काही आठवड्यांत यान झायीत्स हा अठरा वर्षांचा मुलगाही त्याच वाटेने गेला. इतरांनी हे करू नये, जिवंत राहून लढावं, असा पालाखचा निरोप एका विद्यार्थी नेत्याने जाहीर केला होता, तरीही. राजवट त्या मृत्यूंनी हलली नाही. ती हलली पुढच्या वीस वर्षांत सह्या गोळा करणाऱ्या, टंकलिखित पानं हातोहात वाटणाऱ्या, तुरुंगात जाऊन बाहेर आलेल्या माणसांमुळे आणि मॉस्कोतलं वारं बदलल्यामुळे.

ट्युनिशियाचंही तसंच. १७ डिसेंबर २०१०ला सिदी बुझिद गावातल्या मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्याने टोकाचं पाऊल उचललं, ४ जानेवारीला तो गेला आणि १४ जानेवारी २०११ला अध्यक्ष बेन अली देश सोडून पळाला. तो बेकार पदवीधर होता अशी बातमी जगभर गेली. प्रत्यक्षात त्याचं शालेय शिक्षणही पुरं झालेलं नव्हतं. पदवीधर तरुणांच्या बेकारीने देश धुमसत होता आणि लोकांना आपल्यासारखाच नायक हवा होता. त्यानंतरच्या आठवड्यांत अल्जीरिया, इजिप्त, मॉरिटानियात अनेकांनी तेच केलं. त्यांची नावं कुणाला आठवत नाहीत. ज्या मृत्यूनंतर योगायोगाने इतिहास हलला तेवढेच मृत्यू आपण मोजतो. उरलेल्यांच्या मागे फक्त घरं राहतात.

अनुकरण ही इथली सगळ्यात पक्की शास्त्रीय गोष्ट आहे. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४मध्ये दाखवलं की वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आत्महत्येची बातमी आली की त्यानंतर आत्महत्या वाढतात, आणि बातमी जितकी गाजते तितकी वाढ जास्त. रॉबिन विल्यम्स या अभिनेत्याच्या २०१४मधल्या मृत्यूनंतरच्या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा जवळपास १० टक्के, म्हणजे १८००हून अधिक, जास्त आत्महत्या झाल्या. म्हणूनच पद्धत लिहायची नाही, चिठ्ठी जशीच्या तशी छापायची नाही, आणि मरणाला मागणी मान्य करून घेण्याचं साधन म्हणून रंगवायचं नाही.

हे उलटंही फिरवता येतं. व्हिएन्नात १९८७मध्ये तज्ज्ञांनी भुयारी रेल्वेतल्या आत्महत्यांच्या भडक बातम्या थांबवायला वर्तमानपत्रांना राजी केलं, आणि पुढच्या सहा महिन्यांत अशा घटना सुमारे ८० टक्क्यांनी घटल्या. सिअ‍ॅटलमध्ये १९९४ला गायक कर्ट कोबेन गेला तेव्हा सगळ्यांना लाटेची भीती होती. पण शोकसभेतच मदत कुठे मिळेल हे सांगितलं गेलं, हेल्पलाइनकडे येणारे फोन वाढले आणि आत्महत्या वाढल्या नाहीत. २०१०मध्ये व्हिएन्नाच्याच संशोधकांना आढळलं की टोकाच्या विचारांतून माणूस कसा सावरला याच्या बातम्यांनंतर आत्महत्या कमी होतात. हे वाचताना कुणाच्या मनात तसे विचार घोळत असतील तर भारतात टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं.

स्वार्ट्झच्या मृत्यूनंतर खटला मागे घेतला गेला. जगभरच्या संशोधकांनी त्याच्या आठवणीत आपले निबंध खुले केले. एमआयटीने नेमलेल्या चौकशीत असं निघालं की संस्थेने खटला चालवा असा आग्रह धरला नव्हता, ती तटस्थ राहिली होती, आणि त्या तटस्थतेवरच अहवालाने प्रश्न उभे केले. त्याच्या नावाने अमेरिकी संसदेत मांडलेला संगणक कायद्यातला बदल मात्र मंजूर झाला नाही. तो ज्यासाठी झटत होता ते दुसऱ्याच वाटेने आलं. २०१२च्या मे महिन्यात, तो जिवंत असताना, खुल्या संशोधनासाठी काही कार्यकर्त्यांनी व्हाइट हाउसकडे अर्ज टाकला होता आणि ६५ हजारांहून जास्त लोकांनी त्यावर सह्या केल्या होत्या. त्याचं उत्तर २२ फेब्रुवारी २०१३ला आलं, त्याच्या मृत्यूनंतर सहा आठवड्यांनी: सरकारी पैशातलं संशोधन वर्षभराच्या आत सर्वांना मोफत वाचता आलं पाहिजे. २०२२मध्ये ती वर्षभराची अटही काढायचं ठरलं.