माहीत असूनही होत नाही, ते का?

टांझानियाच्या अरुशा भागातल्या दवाखान्यांत केनेथ लेनर्ड आणि मेल्किओरी मसातू या संशोधकांनी एक साधी युक्ती केली. तपासून बाहेर आलेल्या रुग्णाला त्यांची माणसं विचारायची, ताप किती दिवसांपासून आहे हे विचारलं का? पोट दाबून पाहिलं का? औषध कसं घ्यायचं ते सांगितलं का? असे काही रुग्ण झाले की एक निरीक्षक थेट तपासणीच्या खोलीतच जाऊन बसायचा. तो बसला रे बसला की तपासणी सुधारायची. प्रश्न वाढायचे, तपासणारा हात आखडता घेत नसे. मात्र दहा-पंधरा रुग्णांनंतर निरीक्षकाची सवय व्हायची आणि पहिले पाढे पंचावन्न. हा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला.

तिथल्या खेड्यांतल्या दवाखान्यात बहुधा डॉक्टर नसतोच. तीन वर्षांची पदविका घेतलेला ‘क्लिनिकल ऑफिसर’ रुग्ण तपासतो. त्यामुळे सेवा सुमार असली की ‘यांना येत नाही’ असा निष्कर्ष लगेच निघतो. अरुशात तर तोच माणूस, तीच खोली, तीच औषधं होती. कोणी पाहत असताना जमत होतं, म्हणजे येत होतं. जाणणं आणि करणं यांच्यात दरी होती.

ही दरी किती महागात पडते? गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला सुमारे ८६ लाख मृत्यू वैद्यकीय उपचारांनी टळण्यासारखे असतात, असा हिशेब ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१८ मध्ये मांडला. त्यातले सुमारे ५० लाख लोक आरोग्यसेवेपर्यंत पोहोचले होते, पण मिळालेली सेवा निकृष्ट होती. म्हणजे रस्ता आणि इमारत झाली तरी निम्म्याहून मोठा प्रश्न उरतोच.

यावर सगळीकडे एकच ठरलेला उतारा असतो, प्रशिक्षण. जिल्ह्याच्या गावी कार्यशाळा, प्रवासभत्ता, शेवटी प्रमाणपत्र आणि फोटो. तेवढे दिवस खेड्यातल्या केंद्रावरची एकुलती एक नर्स जागेवर नसते, ते वेगळंच.

अशा प्रशिक्षणाचं नेमकं काय होतं, हे टांझानियातल्याच हायडोम या दुर्गम गावच्या मिशन रुग्णालयात दिसलं. जन्मल्यावर न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत मास्क लावून पिशवीने हवा देणं सुरू करायचं असतं. महागडी यंत्रं लागत नाहीत, पण हात बसलेला लागतो. २०१० मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण दिलं गेलं. नंतर बाहुलीवर परीक्षा घेतली तेव्हा सगळे पूर्वीपेक्षा चांगले उत्तीर्ण झाले. प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात मात्र फरक पडला नाही. मग पुढच्या वर्षी बाहुली प्रसूतिकक्षातच आणून ठेवली. आठवड्यातून एकदा जोडीजोडीने तीन ते पाच मिनिटं सराव आणि अधूनमधून चाळीस मिनिटांची उजळणी, बस्स. जन्मानंतर चोवीस तासांत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण हजारी ११.१ वरून ७.२ वर आलं. मला या आकड्यांइतकीच ती बाहुलीची जागा महत्त्वाची वाटते.

आता प्रसूतीनंतरचा रक्तस्राव घेऊ. वार पडल्यावर गर्भाशय आकुंचन पावून घट्ट व्हायला हवं. ते सैल राहिलं तर रक्तवाहिन्या उघड्याच राहतात आणि बाई तासा-दोन तासांत जाऊ शकते. उपाय काय हे प्रत्येक सुईणीला शिकवलेलं असतं. अडचण आहे ती ओळखण्याची. रक्त चादरीत मुरतं, कापसात जातं, जमिनीवर ओघळतं. ५०० मिलिलिटर झालं की धोका, असं पुस्तक सांगतं. पण नजरेने अंदाज घेणारा माणूस तो बहुतेक वेळा कमीच धरतो. शिवाय एकेक उपाय करून ‘थांबतंय का पाहू’ म्हणत वाट पाहण्याची रीत. हातचा वेळ त्यातच जातो.

‘ई-मोटिव्ह’ या चाचणीने या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवलं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातली ८० रुग्णालयं, दोन लाखांहून अधिक प्रसूती. बाईच्या कमरेखाली प्लॅस्टिकची एक पिशवी अडकवायची, जिच्यावर मापाच्या रेषा आहेत. रेषेपर्यंत रक्त आलं की थांबून विचार करायचा नाही. गर्भाशय चोळणं, गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं ऑक्सिटोसिनसारखं औषध, रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी, हे सगळं एका दमात. यातलं एकही औषध नवं नव्हतं. तुलनेसाठी निवडलेल्या रुग्णालयांतही पिशवी होती, फक्त तिच्यावर रेषा नव्हत्या. तिथे अशा रक्तस्रावांपैकी सुमारे ५१ टक्केच ओळखले गेले. रेषांची पिशवी वापरणाऱ्यांनी ९३ टक्के ओळखले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठी पोट उघडावं लागणं किंवा त्यातून मृत्यू, यांचं एकत्रित प्रमाण ४.३ वरून १.६ टक्क्यांवर आलं. २०२३ मध्ये हे निष्कर्ष आले आणि त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने शिफारसही केली. ही मोठी रुग्णालयं होती, आडगावची केंद्रं नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं.

आडगावी काय करता येतं? रुवांडाच्या किरेहे आणि कायोंझा जिल्ह्यांत २०१० पासून अनुभवी नर्सना मार्गदर्शक नेमलं गेलं. त्या ठरावीक काळाने प्रत्येक केंद्रावर जायच्या आणि तिथल्या नर्सच्या शेजारी बसून आजारी मुलं तपासायच्या. चूक दिसली तर मूल समोर असतानाच दुरुस्ती. आजाराचं योग्य वर्गीकरण ५६ टक्क्यांवरून नव्वदीच्या पुढे गेलं. अरुशातला निरीक्षक आणि ही नर्स यांत फरक हाच, की ही परत परत येते आणि काही शिकवून जाते.

मग हे शेजारी बसण्याचं काम गावकऱ्यांनीच केलं तर? युगांडात २००४ च्या सुमारास ५० ग्रामीण दवाखान्यांच्या परिसरात हा प्रयोग झाला. गावकरी आणि कर्मचारी यांना दवाखान्याचं प्रगतिपुस्तक दाखवून एकत्र बसवलं, सुधारणेचा आराखडा त्यांनीच केला. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू तब्बल ३३ टक्क्यांनी घटले असं दिसलं, आणि जगभर त्याचे गोडवे गायले गेले. पुढे तसाच कार्यक्रम ३७६ आरोग्य केंद्रांवर तपासला गेला. उपचारांचा दर्जा थोडा सुधारला, रुग्ण जरा अधिक समाधानी झाले; बालमृत्यूंवर परिणाम दिसला नाही. दरम्यानच्या काळात देशभरातच बालमृत्यू बरेच कमी झाले होते, हे एक कारण असू शकतं. दुसरं माझ्या मते असं, की गावकरी हजेरी, वागणूक, औषधांचा साठा यांवर लक्ष ठेवू शकतात, पण बाळाच्या तोंडावर मास्क नीट बसलाय का हे त्यांना कसं कळावं? ते शेजारच्या जाणत्या नर्सलाच कळतं. तिचा पगार आणि केंद्रापर्यंत जायला लागणारं पेट्रोल दर महिन्याला लागतं, वर्षानुवर्षं लागतं. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पावर पैसे देणाऱ्यांना कार्यशाळा सोयीची वाटते ती यामुळेच.