पावसाळी डोंगरभ्रमंतीतील धोके (गोवा)

गोव्याच्या पूर्वेकडील सह्याद्रीत पावसाळ्यात रानवाटांनी आणि धबधब्यांकडे जाताना दोन धोके मुख्य असतात : व्हाळाला (ओढ्याला) अचानक येणारा लोंढा आणि कोसळणारी दरड. सत्तरी, धारबांदोडा, सांगे व काणकोण हे चार तालुके प्रामुख्याने या टापूत येतात. जळवा आणि शेवाळलेले दगड यांची चर्चा फार होते. जिवावर बेतते ते बहुधा पाणीच.

राज्यात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि किनाऱ्यापेक्षा घाटाच्या पायथ्याला तो जास्त असतो. डोंगर फार उंच नाहीत (सत्तरीतील सोसोगड हे सर्वोच्च शिखर १,१६६ मी.), पण उतार खडे आणि व्हाळांची पाणलोट क्षेत्रे लहान. त्यामुळे माथ्यावर कोसळलेली सर थोड्याच वेळात खाली येऊन पोचते, आणि तो माथा खालच्या माणसाला दिसत नसतो. म्हादई नदी तर कर्नाटकात, खानापूर तालुक्यात उगम पावते. कोंडीत (डोहात) पोहणाऱ्याच्या डोक्यावर ऊन असले तरी त्याला त्या पाण्याचा भरवसा देता येत नाही. बघायचे असते ते वरच्या अंगाला काय चालले आहे ते. पाणी गढूळ वा तांबूस होणे, पाला-काटक्या वाहून येऊ लागणे, आवाज भरदार होणे, ही लोंढ्याची पूर्वचिन्हे. ती दिसताच आधी काठ चढावा, सामान नंतर.

खरी फसगत परतीच्या वाटेवर होते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला व्हाळ दुपारी कमरेला लागतो. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पायांवरचा रेटा चौपट होतो, म्हणून गुडघाभर पाणीही माणसाला पाडू शकते. जुलै २०२४ मध्ये सत्तरीतील पाली धबधब्यावर गेलेले सुमारे ८० जण असेच पलीकडे अडकले आणि अग्निशामक दल व पोलिसांना त्यांना बाहेर काढावे लागले. पाठपिशवीचे कमरेचे व छातीचे पट्टे सोडून मगच पाण्यात उतरावे. दोर कमरेला बांधून उतरणे धोक्याचे, कारण पाय सुटला तर ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. पण सर्वांत चांगला उपाय कंटाळवाणा आहे : थांबणे. लहान व्हाळ भरतो तसा, पाऊस थांबल्यावर, काही तासांत ओसरतोही. सोबत विजेरी, कोरडे कपडे आणि खाणे असले तर हे थांबणे सुसह्य होते.

दरडीचे गणित जमिनीच्या आत असते. सच्छिद्र जांभ्यातून पाणी मुरते आणि खालच्या मऊ, चिकण थरापाशी अडते. तेथे दाब वाढून वरची माती घसरते. म्हणून पहिल्या सरीपेक्षा सलग काही दिवसांच्या झडीनंतरचा उतार अधिक संशयास्पद. जमिनीला ताज्या भेगा, कललेली झाडे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळणे या खुणा दिसल्यास त्या उताराखालून जाऊ नये. धोका दिनदर्शिका पाहून येत नाही : काणकोणात २ ऑक्टोबर २००९ रोजी, पावसाळा सरला असे वाटत असताना, काही तासांच्या मुसळधार पावसाने डोंगर खचले आणि तळपण व गालजीबाग नद्यांना पूर आला.

गोव्यात भटक्याच्या हाती असतो तो हवामान खात्याचा जिल्हानिहाय, चढत्या रंगांचा (पिवळा, नारंगी, लाल) इशारा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी. म्हणजे जोरदार, २०४.४ मिमी.पर्यंत अतिजोरदार, त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. उत्तर गोवा जिल्ह्याचा एक रंग चोर्ल्याच्या घाटाला आणि कळंगुटच्या किनाऱ्याला सारखाच लागू होतो. घाटाकडे निघालेल्याने तो एक पायरी वर धरावा हे बरे.

नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर जुलै २०२३ मध्ये दोघे बुडाल्यानंतर अभयारण्यांतील धबधब्यांवर प्रवेशबंदी आली. पुढे ती काही ठिकाणी शिथिल झाली. वनखात्याची त्या त्या हंगामातील परवानगी निघण्यापूर्वी विचारून घ्यावी. अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसल्याने ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावण्याचा बेत तेथे चालत नाही. परतीची वेळ गावात सांगून जावे. दूधसागरची कुळ्याहून जाणारी जीपसेवा पावसाळ्यात बंद असते, तेव्हा काही जण रेल्वेरुळांवरून चालत जातात. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार तो गुन्हा आहे, आणि ती वाटही सुरक्षित नाही : २३ जुलै २०२१ रोजी याच मार्गावर, दूधसागर व सोनावळी स्थानकांदरम्यान, दरड कोसळून एक प्रवासी गाडी रुळांवरून घसरली होती.